पोस्टग्रेसला कर्बेरॉस लावताना: आधी नाव, वेळ आणि किल्ली, मग डेटाबेस

पोस्टग्रेस या डेटाबेसवर कर्बेरॉस लॉगिन (पासवर्डऐवजी तिकीट दाखवून ओळख पटवण्याची पद्धत) लावायचं ठरलं की बहुतेक जण सरळ पीजी_एचबीए.कॉन्फ (कुणी कुठून कसं जोडायचं हे ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल) उघडतात, ओळीच्या शेवटी जीएसएस (पोस्टग्रेसमधलं कर्बेरॉस पद्धतीचं नाव) लिहितात, रीलोड करतात आणि मग दिवसभर एकाच संदेशाशी झगडत बसतात: ‘जीएसएसएपीआय ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर’. खरं तर त्या फाइलचं काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं आहे. घोळ असतो तो डेटाबेसच्या बाहेर. मशीनचं नाव, घड्याळ आणि किल्लीचा क्रमांक यांपैकी एक तरी जुळत नसतं. या तिन्ही गोष्टी डेटाबेसला हात न लावता तपासता येतात आणि तशाच तपासाव्यात. खालचा क्रम त्या हिशेबानेच लावला आहे.

इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची. जिथे कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

उदाहरणासाठी डेटाबेस सर्व्हरचं पूर्ण नाव डीबी१.पुणे.एक्झाम्पल.कॉम धरू. कर्बेरॉसच्या हद्दीला, म्हणजे रेल्मला, तेच डोमेन कॅपिटल अक्षरांत: पुणे.एक्झाम्पल.कॉम. वापरणारी व्यक्ती आशा. सर्व्हरवर लिनक्स आणि पोस्टग्रेस १२ किंवा त्यापुढची आवृत्ती आहे असं गृहीत धरलं आहे. जुन्या लेखांत ‘केआरबी५’ नावाची ऑथेंटिकेशन पद्धत दिसते. ती ९.४ आवृत्तीत काढून टाकली गेली, आता ‘जीएसएस’ हीच पद्धत आहे.

तिकीट कुठून कुठे जातं

आशा किनिट चालवून केडीसीला, म्हणजे तिकिटं देणाऱ्या सर्व्हरला, आपली ओळख पटवते. तिला एक मुख्य तिकीट मिळतं. पीएसक्यूएलने डेटाबेसशी जोडायला गेल्यावर तिच्या मशीनवरची लायब्ररी ते मुख्य तिकीट दाखवून केडीसीकडे खास या डेटाबेसचं तिकीट मागते. हे दुसरं तिकीट डेटाबेसच्या किल्लीने बंद केलेलं असतं. पोस्टग्रेस आपल्या की-टॅब फाइलमधल्या किल्लीने ते उघडतो. उघडलं, आत आशाचं नाव निघालं, की ओळख पटली.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. लॉगिनच्या वेळी डेटाबेस सर्व्हर केडीसीशी एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे डेटाबेस सर्व्हरवरून केडीसी पिंग होते की नाही हे तपासण्यात वेळ घालवू नका, केडीसीपर्यंत पोचायचं असतं ते क्लायंटला. याचाच दुसरा परिणाम सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कुणाचं खातं केडीसीवर बंद केलं तरी हातात असलेलं डेटाबेसचं तिकीट मुदत संपेपर्यंत चालतं. एखाद्याला तत्काळ बाहेर काढायचं असेल तर पोस्टग्रेसमधला त्याचा रोल (डेटाबेसमधलं खातं) नो-लॉगिन करा आणि चालू सेशन पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने तोडा. तिकीट तपासलं जातं ते जोडणी करताना, त्यानंतर चालू राहिलेल्या सेशनला कुणी विचारत नाही.

नाव

तिकीट मागताना क्लायंट ज्या नावाने सर्व्हरला ओळखतो तेच नाव केडीसीत नोंदलेलं असावं लागतं. नोंदीचा साचा असा: सेवेचं नाव, तिरकी रेघ, मशीनचं पूर्ण नाव, अ‍ॅट चिन्ह, रेल्म. आपल्या उदाहरणात

पोस्टग्रेस/डीबी१.पुणे.एक्झाम्पल.कॉम@पुणे.एक्झाम्पल.कॉम

यात शेवटचा रेल्म कॅपिटलमध्ये, बाकी सगळं स्मॉल. कर्बेरॉसला स्मॉल आणि कॅपिटल ही वेगळी नावं वाटतात.

क्लायंटवर गेटेंट होस्ट्स ही कमांड सर्व्हरचं छोटं नाव देऊन चालवा, मग पूर्ण नाव देऊन चालवा. दोन्ही वेळा तोच आयपी यावा आणि त्या आयपीपुढे पूर्ण नाव पहिलं यावं. एमआयटीची कर्बेरॉस लायब्ररी मुळात डीएनएसला विचारून नाव ‘पक्कं’ करते आणि त्यानंतर आयपीवरून उलटंही नाव शोधते. उलट्या नोंदी अनेक ठिकाणी जुन्या किंवा चुकीच्या असतात. आयपी पूर्वी दुसऱ्या मशीनचा असेल तर लायब्ररी त्या दुसऱ्याच मशीनच्या नावाने तिकीट मागते. म्हणून क्लायंटच्या केआरबी५.कॉन्फमध्ये लिबडिफॉल्ट्सखाली आरडीएनएस = फॉल्स लिहून टाका. आमच्या मते ही ओळ प्रत्येक क्लायंटवर असायलाच हवी.

ईटीसीतली होस्ट्स फाइलही बघा. डेबियन आणि उबंटू इन्स्टॉल होताना मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ला जोडतात. त्या ओळीत छोटं नाव आधी आणि पूर्ण नाव नंतर असेल तर पक्कं नाव म्हणून छोटंच मिळतं आणि ‘पोस्टग्रेस/डीबी१’ अशी नोंद केडीसीत सापडत नाही. पूर्ण नाव आधी लिहा. शिवाय त्याच मशीनवरून चाचणी करताना जोडणी १२७.०.१.१वर जाते, तिथे पोस्टग्रेस ऐकत नसेल किंवा पीजी_एचबीएमध्ये तो पत्ता नसेल तर वेगळाच गोंधळ उडतो. पहिली चाचणी दुसऱ्या मशीनवरूनच करावी.

आयपी देऊन किंवा लोकलहोस्ट म्हणून जोडलं तर कर्बेरॉस चालणार नाही, कारण त्या नावांची नोंद केडीसीत नाही. डीएनएसला टाळून ठराविक आयपीवरच जायचं असेल तर जोडणीच्या ओळीत होस्टमध्ये पूर्ण नाव आणि होस्टअ‍ॅडरमध्ये आयपी असं दोन्ही द्या. लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी तिकिटासाठी होस्ट वापरते आणि जोडणीसाठी होस्टअ‍ॅडर.

वेळ

क्लायंट, केडीसी आणि डेटाबेस सर्व्हर यांच्या घड्याळांत ३०० सेकंदांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तिकीट नाकारलं जातं. तिन्हीकडे क्रोनी, म्हणजे घड्याळ जुळवत ठेवणारी सेवा, चालू असावी. क्रोनीसी ट्रॅकिंग ही कमांड घड्याळ किती सेकंद सरकलं आहे ते सांगते.

टाइम झोनचा इथे संबंध नाही, तिकिटातल्या वेळा यूटीसीतच असतात. पण नवी व्हर्च्युअल मशीन उभी करताना कुणी भिंतीवरच्या घड्याळात बघून यूटीसीच्या जागी भारतीय वेळ टाकली तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि घड्याळ प्रत्यक्षात साडेपाच तास पुढे असतं. म्हणून डेट कमांडला उणे-यू लावून तिन्ही मशीनवरची यूटीसी वेळ एकमेकांशी ताडून बघा.

केडीसी

कार्यालयात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा फ्रीआयपीए (मायक्रोसॉफ्टची आणि लिनक्सवरची वापरकर्त्यांची मध्यवर्ती व्यवस्था) असेल तर केडीसी तयारच आहे, नवी उभी करू नका. नसेल तर एका स्वतंत्र मशीनवर, डेटाबेसच्या मशीनवर नव्हे, एमआयटीची केडीसी टाका. डेबियनवर केआरबी५-केडीसी आणि केआरबी५-अ‍ॅडमिन-सर्व्हर ही पॅकेजं, मग केआरबी५_न्यूरेल्म. रॉकी किंवा रेड हॅटवर केआरबी५-सर्व्हर आणि मग केडीबी५_युटिल क्रिएट उणे-एस. दोन्हीकडे एक मास्टर पासवर्ड विचारला जातो, तो तिजोरीत ठेवण्याच्या योग्यतेचा.

फायरवॉलमध्ये तिकिटांसाठी पोर्ट ८८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. पासवर्ड बदलायला ४६४, केअ‍ॅडमिनला (केडीसीतल्या नोंदी सांभाळणाऱ्या कमांडला) ७४९. फक्त यूडीपी उघडून ठेवणं ही नेहमीची चूक. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत आशा पुष्कळ ग्रुपांत असेल तर तिचं तिकीट फुगतं, यूडीपीत मावत नाही आणि टीसीपीवर जावं लागतं. मग शिकाऊ कर्मचाऱ्याचं लॉगिन चालतं आणि मॅनेजरचं अडतं.

क्लायंटवर डेबियनमध्ये केआरबी५-युजर, रेड हॅट घराण्यात केआरबी५-वर्कस्टेशन. केआरबी५.कॉन्फमध्ये डिफॉल्ट_रेल्म (कॅपिटलमध्ये), रेल्म्सखाली केडीसीचा पत्ता, आणि डोमेन_रेल्मखाली दोन ओळी: एक डोमेनच्या नावाची, एक तेच नाव आधी टिंब देऊन. टिंबाची ओळ त्या डोमेनमधल्या सगळ्या मशीनना लागू पडते. ती राहिली तर रेल्म दुसराच ठरण्याची शक्यता असते.

सेवेची नोंद आणि की-टॅब

केडीसीवर केअ‍ॅडमिन.लोकल उघडा. अ‍ॅडप्रिन्क, उणे-रँडकी, आणि वर दिलेलं सेवेचं पूर्ण नाव. रँडकीमुळे पासवर्डाऐवजी अनियमित किल्ली तयार होते. सेवेला माणसाने ठरवलेला पासवर्ड देऊ नका. तो कमकुवत असेल तर कुणीही साधा वापरकर्ता सेवेचं तिकीट मागून घेऊन निवांत घरी बसून तो फोडू शकतो.

मग केटीअ‍ॅड, उणे-के, फाइलचं नाव, सेवेचं नाव. ही कमांड किल्ली फाइलमध्ये लिहिते, पण त्याआधी केडीसीवरची किल्ली *बदलते* आणि तिचा क्रमांक एकने वाढवते. हा क्रमांक म्हणजे केव्हीएनओ. दुसरी प्रत हवी म्हणून पुन्हा केटीअ‍ॅड चालवलं की पहिली फाइल जुनी झाली. चालू असलेला डेटाबेस असा बंद पाडलेला आम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. प्रत हवी असेल तर तयार फाइलचीच प्रत करा, नाहीतर केअ‍ॅडमिन.लोकलमध्ये उणे-नोरँडकी लावा.

फाइल कुठे ठेवायची? ईटीसीतल्या पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये, समजा पीजी.कीटॅब या नावाने. मालक पोस्टग्रेस, परवानगी ६००. मशीनची स्वतःची केआरबी५.कीटॅब पोस्टग्रेसला वाचायला देऊ नका, तिच्यात एसएसएचसाठीची होस्टची किल्लीही असते. आणि डेटा डिरेक्टरीत तर मुळीच ठेवू नका: पीजी_बेसबॅकअप त्या डिरेक्टरीतली जवळजवळ प्रत्येक फाइल उचलतो, म्हणजे प्रत्येक बॅकअपबरोबर सर्व्हरची ओळखही बाहेर जाते. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल आणि फाइल होम फोल्डरमधून एमव्हीने हलवली असेल तर जुनं लेबल तिच्याबरोबर येतं. रीस्टोअरकॉन चालवा, नाहीतर परवानग्या बरोबर असूनही पोस्टग्रेसला ती वाचता येणार नाही.

आता सगळ्यात उपयोगाची तपासणी. डेटाबेस सर्व्हरवर रूट म्हणून किनिट आशा करा (फक्त या चाचणीपुरतं डेटाबेस सर्व्हरलाही केडीसीपर्यंत पोचावं लागतं). मग केव्हीएनओ ही कमांड उणे-के, की-टॅबचा पूर्ण मार्ग आणि सेवेचं नाव देऊन चालवा. ती केडीसीकडून खरंखुरं तिकीट आणते आणि दिलेल्या की-टॅबने उघडून बघते. उत्तरात क्रमांक आणि पुढे ‘कीटॅब एंट्री व्हॅलिड’ आलं की नाव, वेळ आणि किल्ली तिन्ही जुळली. हे येत नाही तोपर्यंत पीजी_एचबीए उघडण्यात अर्थ नाही. चाचणी झाल्यावर केडिस्ट्रॉय करून रूटकडचं आशाचं तिकीट पुसून टाका.

की-टॅबमध्ये काय आहे ते केलिस्ट उणे-ईकेटी दाखवते: क्रमांक, तारीख, नाव आणि एन्क्रिप्शनचा प्रकार. प्रकारात एईएस२५६ दिसायला हवा. फक्त ‘आर्कफोर’ दिसत असेल तर ती किल्ली जुन्या आरसी४ची आहे. २०१८च्या आरएफसी ८४२९ने ती पद्धत मोडीत काढली आहे, नवी किल्ली बनवा.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर

प्रत्येक डेटाबेस सर्व्हरसाठी एक वेगळं सेवा-खातं बनवा. खात्याच्या गुणधर्मांत एईएस २५६ला पाठिंबा असल्याची खूण करा. ती नसेल तर केडीसी आरसी४ची तिकिटं देऊ शकते आणि एईएसची किल्ली असलेला की-टॅब ती उघडू शकत नाही. विंडोज सर्व्हरवर केटीपास चालवायचं: प्रिन्कमध्ये सेवेचं पूर्ण नाव, मॅपयुजरमध्ये खातं, क्रिप्टोमध्ये एईएस२५६-एसएचए१, पीटाइपमध्ये केआरबी५_एनटी_प्रिन्सिपल आणि आउटमध्ये फाइल. पासवर्ड लांबलचक, अनियमित. केटीपास प्रत्येक वेळी पासवर्ड नव्याने बसवतं आणि क्रमांक वाढवतं, त्यामुळे केटीअ‍ॅडची सावधगिरी इथेही तशीच लागू.

तेच सेवानाव चुकून दोन खात्यांवर नोंदलं गेलं तर क्लायंटला तिकीट मिळत नाही. सेटएसपीएन उणे-एक्स अशा दुहेरी नोंदी शोधून देतं. नवी नोंद हाताने करायची असेल तर उणे-एस वापरा, ते आधी दुहेरी नाही ना हे बघतं.

पोस्टग्रेसची बाजू

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये दोन गोष्टी. केआरबी_सर्व्हर_कीफाइलमध्ये की-टॅबचा पूर्ण मार्ग, आणि लिसन_अ‍ॅड्रेसेसमध्ये नेटवर्कचा पत्ता. पहिलीला रीलोड पुरतं, दुसरीला रीस्टार्ट लागतो. की-टॅबमधल्या कुठल्याही नावासाठी आलेलं तिकीट पोस्टग्रेस स्वीकारतो, त्यामुळे सर्व्हरला स्वतःचं नाव वेगळं सांगावं लागत नाही.

रोल हाताने बनवावाच लागतो: क्रिएट रोल आशा लॉगिन. कर्बेरॉस फक्त ही आशाच आहे एवढं सांगतो. तिला काय बघता येईल, कुठल्या टेबलात लिहिता येईल हे ग्रँटचं काम.

मग पीजी_एचबीए.कॉन्फ. पहिली ओळ कायम ठेवा: लोकल, ऑल, पोस्टग्रेस, पीअर. केडीसी बंद पडली किंवा की-टॅब बिघडला तर आत शिरायचा हा एकच रस्ता उरतो. युनिक्स सॉकेटवर जीएसएस चालतच नाही, त्यामुळे लोकल ओळीत ते लिहिलं तर फाइलच नाकारली जाते. नेटवर्कसाठीची ओळ अशी:

होस्टजीएसएसएन्क ऑल ऑल १०.२०.०.०/१६ जीएसएस इन्क्लूड_रेल्म=१ मॅप=पुणे

पहिल्या रकान्यातल्या शब्दामुळे ही ओळ फक्त कर्बेरॉसनेच एन्क्रिप्ट केलेल्या जोडण्यांना लागते. ओळख कर्बेरॉसने आणि एन्क्रिप्शन टीएलएसने हवं असेल तर तिथे होस्टएसएसएल लिहा. नुसतं होस्ट लिहिलं तर दोन्ही चालतात आणि उघडी जोडणीही चालते. डेटा उघडा जाऊ देण्याचं काहीच कारण नसतं, म्हणून नुसतं होस्ट टाळा.

पोस्टग्रेस वरून खाली वाचतो आणि पहिली जुळलेली ओळ धरतो. ती ओळ अपयशी ठरली तर पुढची बघत नाही. जुनी पासवर्डची ओळ वर राहिली असेल तर तिकीट असूनही पासवर्ड विचारला जाईल. डेटाबेसच्या रकान्यातल्या ऑलमध्ये रेप्लिकेशन धरलं जात नाही, त्याची ओळ वेगळी.

आता मॅप. तिकिटातून निघणारं नाव रेल्मसकट असतं आणि रोलचं नाव नुसतं आशा. अनेक लेख इन्क्लूड_रेल्म=० लिहून मोकळे होतात. असं करू नका. तुमच्या रेल्मने उद्या दुसऱ्या रेल्मशी विश्वासाचं नातं जोडलं तर तिकडची आशाही तुमच्या आशाच्या रोलने आत येईल. त्याऐवजी पीजी_आयडेंट.कॉन्फमध्ये एक ओळ लिहा. तिच्यात तीन रकाने असतात: मॅपचं नाव, बाहेरचं नाव, रोलचं नाव. बाहेरच्या नावाच्या रकान्यात तिरक्या रेघेने सुरुवात केली की पुढचं सगळं रेगेक्स, म्हणजे नाव जुळवून बघायचा साचा, मानलं जातं. तिथे सुरुवातीची टोपी (^), मग कंसात अक्षरं, आकडे, टिंब आणि अधोरेघ एवढ्यांचाच गट, मग अ‍ॅट चिन्ह, पूर्ण रेल्म आणि शेवटी डॉलर. रेल्ममधल्या प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरकी रेघ. तिसऱ्या रकान्यात उलटी तिरकी रेघ आणि १, म्हणजे कंसात पकडलेलं नाव.

टोपी आणि डॉलर विसरलात तर नावाचा तुकडा जुळला तरी चालेल, आणि रेल्मच्या नावापुढे काहीतरी चिकटवलेला दुसरा रेल्मही आत येईल. गटात तिरकी रेघ मुद्दाम घेतलेली नाही, त्यामुळे आशा/अ‍ॅडमिन किंवा होस्ट/अमुक अशा नोंदी जुळत नाहीत.

विंडोजवर लॉगिन नावं कॅपिटल-स्मॉल मिसळलेली असतात. केआरबी_केसइन्स_युजर्स चालू केलं तर रोलशी तुलना करताना तो फरक धरला जात नाही. पण रेगेक्सला त्याचा फायदा मिळत नाही, गटात कॅपिटल अक्षरंही घ्यावी लागतात.

रीलोड करण्याआधी पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या व्ह्यूमधला एरर रकाना बघा. ‘नॉट सपोर्टेड बाय धिस बिल्ड’ आलं तर तुमचा पोस्टग्रेस जीएसएसएपीआयशिवाय बांधलेला आहे. हे स्वतः कंपाइल करणाऱ्यांच्या बाबतीत घडतं, तिथे विथ-जीएसएसएपीआय लावून पुन्हा बांधावा लागतो.

जोडून बघणं

दुसऱ्या मशीनवर किनिट आशा, मग पीएसक्यूएल उणे-एच पूर्ण नाव, उणे-यू आशा, डेटाबेसचं नाव. पासवर्ड न विचारता प्रॉम्प्ट आला की पीजी_स्टॅट_जीएसएसएपीआय या व्ह्यूमधली आपल्याच पीआयडीची ओळ बघा. जीएसएस_ऑथेंटिकेटेडमध्ये टी, प्रिन्सिपलमध्ये रेल्मसकट नाव, एन्क्रिप्टेडमध्ये टी किंवा एफ. १४पासून लॉग_कनेक्शन्स चालू असेल तर कोण कुठल्या पद्धतीने आलं ते लॉगमध्येही उमटतं, आणि ऑडिटला तीच नोंद लागते.

क्लायंट १६ किंवा नवा असेल तर जोडणीत रिक्वायर_ऑथ=जीएसएस घाला. मग वाटेत कुणी खोटा सर्व्हर उभा करून पासवर्ड मागितला तर क्लायंट जोडणी तिथेच तोडतो.

पायथनचा सायकोपीजी लिबपीक्यूवरच चालतो, तिथे वेगळं काही करावं लागत नाही. विंडोजवरचा लिबपीक्यू एसएसपीआय ही विंडोजची स्वतःची व्यवस्था वापरतो, म्हणजे डोमेनमध्ये लॉगिन केलेल्याला किनिटही लागत नाही. जावाचं मात्र वेगळं. जेडीबीसी ड्रायव्हरला जास नावाची लॉगिन-सेटिंगची फाइल लागते. तिच्यात पीजीजेडीबीसी नावाच्या नोंदीखाली केआरबी५लॉगिनमॉड्यूल आणि यूजटिकिटकॅश=ट्रू. शिवाय जावाची स्वतःची कर्बेरॉस लायब्ररी फाइलमधला तिकीट-साठाच वाचते. केलिस्टच्या पहिल्या ओळीत साठ्याचं नाव केसीएम किंवा कीरिंगने सुरू होत असेल तर जावाला तो दिसणार नाही. केआरबी५सीसीनेम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचा मार्ग देऊन पुन्हा किनिट करा.

रात्री क्रॉनमधून चालणाऱ्या कामांना पासवर्ड टाइप करायला माणूस नसतो. त्यांच्यासाठी वेगळी नोंद, वेगळा की-टॅब, वेगळा रोल बनवा आणि केआरबी५_क्लायंट_केटीनेममध्ये त्या की-टॅबचा मार्ग द्या. एमआयटी १.११पासून लायब्ररी त्यातून आपणहून तिकीट आणते. सर्व्हरचा पीजी.कीटॅब या कामाला वापरू नका.

चालत नसेल तेव्हा

क्लायंटला दिसणारा संदेश जवळजवळ नेहमी मोघम असतो. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. क्लायंटच्या बाजूचं बघायचं असेल तर केआरबी५_ट्रेस या व्हेरिएबलला डेव्ह/एसटीडीईआरआर देऊन पीएसक्यूएल चालवा. कुठल्या नावाने तिकीट मागितलं, कुठल्या केडीसीला विचारलं, काय उत्तर आलं हे ओळीओळीने दिसतं. अर्धे प्रश्न त्यातलं सेवेचं नाव वाचल्याबरोबर सुटतात.

‘सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस’ म्हणजे मागितलेलं नाव केडीसीत नाही. ट्रेसमधलं नाव आणि नोंदलेलं नाव अक्षरन् अक्षर ताडा. छोटं नाव, उलट्या डीएनएसमधून आलेलं नाव किंवा सीनेमचं टोपणनाव, यांपैकी काहीतरी निघतं.

‘नो क्रेडेन्शियल्स कॅश फाउंड’: किनिट केलंच नाही, किंवा एका युजरने केलं आणि सुडो करून पीएसक्यूएल दुसऱ्याने चालवलं. साठा प्रत्येक युजरचा वेगळा असतो.

‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’: घड्याळ. केव्हीएनओची चाचणी पास होऊनही हा संदेश येत असेल तर ज्या मशीनवरून जोडताय तिचं घड्याळ बघा.

लॉगमध्ये अमुक क्रमांकाची किल्ली की-टॅबमध्ये नाही, ‘कीटॅब इज लाइकली आउट ऑफ डेट’ असं आलं तर कुणीतरी पुन्हा केटीअ‍ॅड किंवा केटीपास चालवलं आहे. उलटही घडतं: की-टॅब नवा आणि क्लायंटच्या साठ्यात जुन्या किल्लीचं तिकीट. क्लायंटवर केडिस्ट्रॉय आणि पुन्हा किनिट.

‘नो मॅच इन युजरमॅप’ आलं तर आनंद माना. कर्बेरॉसचं काम फत्ते झालं आहे, फक्त पीजी_आयडेंटमधलं रेगेक्स चुकलं आहे. तिकिटातून निघालेलं पूर्ण नाव त्याच ओळीत छापलेलं असतं, ते समोर ठेवून रेगेक्स दुरुस्त करा.

आणि एक असा, जो बरेच दिवस कळत नाही. सगळ्या ओळी होस्टएसएसएल आहेत, लोक पासवर्डने मजेत जोडताहेत, आणि एके दिवशी, क्लायंटवरचा लिबपीक्यू जुना असेल तर, ज्याने किनिट केलं त्यालाच ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ येतं. कारण असं: साठ्यात तिकीट दिसलं की लिबपीक्यू आधी कर्बेरॉसचं एन्क्रिप्शन मागतो. सर्व्हरने ते मान्य केलं की ती जोडणी टीएलएसची राहत नाही, म्हणून होस्टएसएसएलची एकही ओळ तिला लागत नाही. एकतर होस्टजीएसएसएन्कची ओळ घाला, नाहीतर क्लायंटवर जीएसएसएन्कमोड=डिसेबल करा. दोनपैकी एकच धोरण ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

दोन सर्व्हर, एक नाव. आणि किल्ली बदलणं

मुख्य आणि राखीव सर्व्हरमध्ये फिरणारं एखादं सामाईक नाव असेल, समजा पगार.पुणे.एक्झाम्पल.कॉम, तर त्या नावाचीही सेवा-नोंद हवी आणि तिची किल्ली दोन्ही मशीनच्या की-टॅबमध्ये हवी. केटीअ‍ॅड एकदाच, एका मशीनवर चालवायचं. दुसरीकडे फाइल एससीपीने न्या आणि केटीयुटिलमध्ये आरकेटीने दोन्ही फाइली वाचून डब्ल्यूकेटीने एक करा. सामाईक नाव सीनेम असेल तर लायब्ररी ते पक्कं करताना मूळ मशीनच्या नावावर जाते. तेव्हा ए रेकॉर्ड ठेवा, किंवा डीएनएस_कॅनोनिकलाइझ_होस्टनेम फॉल्स करा.

किल्ली ठराविक काळाने बदलावी, आणि सर्व्हरवर प्रवेश असलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली तर लगेच. केअ‍ॅडमिनमधून त्याच की-टॅबवर केटीअ‍ॅड केलं की नवी किल्ली जुनीच्या शेजारी लिहिली जाते, जुनी पुसली जात नाही. हे फार सोयीचं आहे, कारण लोकांच्या साठ्यातली जुन्या क्रमांकाची तिकिटं मुदतीपर्यंत उघडत राहतात. एमआयटीत ती मुदत साधारण २४ तास असते आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत १० तास, कुणी वाढवली नसेल तर. दोन मशीन असतील तर नवा की-टॅब दुसरीकडे पोचेपर्यंत नव्याने तिकीट घेणाऱ्यांना तिथे नकार मिळतो, म्हणून हे काम वर्दळ नसताना करावं आणि फाइल पाठवायची कमांड आधीच तयार ठेवावी. त्यानंतर केव्हीएनओ उणे-केची तीच चाचणी दोन्ही मशीनवर. पोस्टग्रेसला रीस्टार्ट लागत नाही. पूर्ण मुदत उलटून गेल्यावर केअ‍ॅडमिनमध्ये केटीरिमूव्ह, उणे-के, फाइल, सेवेचं नाव आणि शेवटी ‘ओल्ड’ हा शब्द देऊन जुन्या किल्ल्या काढून टाका, आणि केलिस्ट उणे-ईकेटीमध्ये एकच क्रमांक उरला आहे हे बघून घ्या.